चांदूर रेल्वे आणि न्हाणीघरांतील अग्नि

वऱ्हाडांत चांदूर नांवाचीं दोन गांवें आहेत आणि दोन्ही एकाच अमरावती जिल्ह्यांत आहेत. एकाच्या नांवापुढें बाजार व दुसऱ्याच्या नांवापुढें रेल्वे अशीं उपपदें लोकांनीं जोडलीं, तीं इतकीं दृढ झालीं कीं सरकारी दप्तरांतही तींच चढलीं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, तो बडनेऱ्यापुढें ह्या चांदुरावरून गेला. त्या चांदुरास बाजारावरच समाधान मानावें लागलें. पुढें नरखेडचा मार्ग झाला आणि चांदूर बाजारासही स्टेशन मिळालें. आतां बाजाराच्या चांदुरास रेल्वे आहे, रेल्वेच्या चांदुरास बाजार आहे, आणि नांवें मात्र होतीं तींच चालत आहेत. रूढीपुढें व्युत्पत्तीचें कांहीं चालत नाहीं हें मीं तीस वर्षें मुलांस फळ्यावर शिकविलें. त्याचें इतकें ठसठशीत उदाहरण घरच्या जिल्ह्यांतच होतें.

गेल्या पौषांत ह्या चांदुरीं चार दिवस राहण्याचा योग आला. माझे मावसबंधु तेथें राहतात. त्यांस सारे घर भाऊसाहेब म्हणतें, म्हणून मीही तसेंच म्हणतों. त्यांच्या नातवाची मुंज माघांत ठरली होती. बटूस संध्येचे पाठ द्यावे आणि याद्यांचा घोळ एकदां मिटवून टाकावा, असा भाऊसाहेबांचा आग्रह पडला. अकोल्याहून सकाळची गाडी धरली.

मूर्तिजापुरास गाडी थांबली म्हणजे माझी दृष्टि आपोआप अरुंद रुळांकडे जाते. येथूनच एक फांटा यवतमाळास व एक अचलपुरास जात असे आणि त्यावरून आमची शकुंतला डुलत डुलत धांवत असे. आतां ती बंद आहे. तिचें वाफेचें एंजिन १९२१ सालीं मँचेस्टरांत बांधलेलें होतें. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्यानें वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचीं माणसें ओढलीं. लोखंड चांगलें असेल. परंतु तेवढ्यानें एंजिन सत्तर वर्षें चालत नाहीं. वाफेच्या एंजिनाचा बाष्पक ठराविक दिवसांनीं थंड करून आंतून धुवावा लागतो, पाण्याचा साचलेला क्षार काढावा लागतो, नळ्यांतील काजळी खरवडावी लागते. हें काम कोणी प्रवासी पाहत नाहीं. गाडी वेळेवर सुटली नाहीं म्हणजे तेवढा तो स्टेशनमास्तरास शिव्या देतो.

बडनेऱ्यानंतर टिमटाळा, मालखेड, आणि मग चांदूर. मालखेडाकडे जमीन जराशी उंचसखल होते आणि दूरवर पोहऱ्याच्या जंगलाचा सागवान दिसूं लागतो. पुढें पुन्हां काळी सपाट जमीन लागते. पऱ्हाटी अजून शेतांत उभी होती, शेवटची वेचणी चालली होती आणि तुरीच्या तुराट्यांचे भारे बांधावर रचले होते. वऱ्हाडाचें हें एक वैशिष्ट्य आहे कीं येथील शेत जें पीक देतें, त्याचें जळणही तेंच देतें. कापूस बाजारास गेला कीं पऱ्हाटी चुलीस येते. डाळ कोठारांत गेली कीं तुराटी न्हाणीस येते. भाऊसाहेबांच्या वडिलांच्या काळीं वाड्याच्या मागच्या अंगणांत पऱ्हाटीची गंजी मनुष्याच्या डोक्याहून उंच असे. आतां तेथें दोन मोटारसायकली उभ्या असतात.

उन्हाळ्यांत अंगाची लाही करणारा हा प्रांत पौषांत पहांटे चांगलाच गारठतो, हें पुण्यामुंबईच्या वाचकांस सांगून खरें वाटत नाहीं. अशा वेळीं तेरा माणसांच्या घरांत सर्वांत महत्त्वाची वस्तु कोणती, तर ऊन पाणी. ह्या वाड्यांत तें काम तीन पिढ्या एका तांब्याच्या बंबानें केलें. बंबाची रचना फार सोपी व फार शहाणपणाची आहे. बाहेर पिंप, मधोमध आरपार गेलेली नळी, नळीखालीं जाळी व राखेची जागा. नळींत निखारे, सभोंवतीं पाणी, खालीं पितळी चावी. आंच नळीच्या अंगास लागते आणि पाणी तिला चोहोंकडून वेढून असल्यानें फारशी वायां जात नाहीं. परंतु ह्या यंत्राचे लाडही पुष्कळ. राख रोज काढावी. नळीवर काजळी धरली कीं पाणी तापण्यास दुप्पट जळण लागतें, म्हणून ती आठवड्यानें खरवडावी. विहिरीचें पाणी जड, त्यामुळें आंत पांढरा थर बसतो. तो चिंचेच्या पाण्यानें सोडवावा. आणि पाणी न भरतां चुकूनही पेटवूं नये, नाहींतर सांध्यांचा डाख वितळून सारें पिंप गळूं लागतें. दिवाळीच्या आधीं बंब अमरावतीस तांबटाकडे जाई. तो सांधे पाही, लागेल तेथें डाख देई, चावीची गळती काढी. अभ्यंगस्नानास गळका बंब कोणास हवा? ही वार्षिक तपासणी भाऊसाहेबांच्या आजींनीं घालून दिलेली होती आणि ती मोडण्याची छाती कोणास नव्हती.

आजी गेल्या, अंगण फरसबंद झालें, बंब माळ्यावर चढला, आणि न्हाणीघराच्या भिंतीस गॅसचा गीझर आला. चावी फिरविली कीं उंच धारेनें कढत पाणी. राख नाहीं, धूर नाहीं, सकाळीं कोणी उठून पेटवावयास नको. वहिनींनीं त्यास खरोखर मनापासून दुवा दिला असेल, कारण बंब पेटविणें हें काम पुरुषांचें कधींच नव्हतें. मीही यंत्राचा द्वेष्टा नाहीं. परंतु चार हिवाळे त्या गीझरास कोणीही उघडून पाहिलें नव्हतें. अमुक महिन्यांत तमुक कारागिरानें तो पाहावा असा संकेत बंबाबरोबर माळ्यावर गेला होता.

मी पोहोंचलों तेव्हां सूनबाई डोक्यास सुंठेचा लेप लावून स्वयंपाक करीत होत्या. तीन आठवडे सकाळीं डोकें दुखे, मळमळे, आणि दुपारपर्यंत उतरे. घराचें निदान पित्ताचें होतें. मुलांचीं व पुरुषांचीं स्नानें आटोपेपर्यंत सूनबाई न्हाणीघरांतच पाणी काढून देणें, कपडे भिजविणें हीं कामें करीत, ही गोष्ट त्या निदानांत कोणी धरली नव्हती. न्हाणीघराची लहान खिडकी गार वाऱ्यासाठीं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनीं बुजविली होती.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं बटु सर्वांच्या शेवटीं स्नानास गेला. गीझर त्यापूर्वीं पाऊण तास एकसारखा जळत होता. मी ओसरीवर दर्भ निवडीत बसलों होतों. पाण्याचा आवाज चालू होता. मुलगा नेहमीं मोठ्यानें कांहींतरी म्हणत स्नान करी, तें ऐकूं येईना. सूनबाईंनीं दोनदां हांक मारली आणि तिसऱ्यांदा न मारतां दारच ढकललें. दाराची कडी गंजून घट्ट झाली होती, म्हणून मुलें ती लावीत नसत. त्या दिवशीं हें पुण्य फळास आलें. पोर भिंतीस टेकून खालीं घसरलें होतें. त्यास ओढून अंगणांत आणलें, उघड्यावर निजविलें, पंचांत गुंडाळलें. थोड्या वेळानें त्यानें डोळे उघडले व ओकारी केली. डॉक्टरांकडे नेतांच त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हा, कीं गीझर न्हाणीच्या आंत आहे कीं बाहेर? मग मुखवटा लावून प्राणवायु दिला. बोटास लावावयाचें जें लहान यंत्र करोनाच्या सांथीपासून घरोघर आलें आहे, तें ह्या विकारांत फसतें, रक्तांत विषारी वायु भरला असतांही आंकडा चांगलाच दाखवितें, असें त्यांनीं सांगितलें. सायंकाळीं मुलगा घरीं आला व त्यानें दहीभात मागितला, तेव्हां वहिनी देवापुढें जाऊन बसल्या.

सूनबाईंचें पित्त व मुलाची मूर्च्छा हीं एकाच कारणाचीं दोन कार्यें होतीं. तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच महिन्यांत शिकतो कीं पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, जसा स्वयंपाकघरांत असतो. परंतु उलट विधान, अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें नैयायिकांनीं नाकारलें आहे. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा, तेथें अग्नि आहे पण धूर नाहीं. धूर ओल्या जळणाच्या संयोगानें होतो, केवळ अग्नीनें नव्हे. आमच्या गृहस्थांची समजूत ह्या विचाराच्या नेमकी उलट झाली आहे. धूर नाहीं म्हणजे अग्नि निर्दोष, असें ते धरून चालतात. गॅस जळण्यास भरपूर हवा मिळाली तर त्याची ज्योत निळी राहते. हवा कमी पडली, किंवा ज्या बारीक छिद्रांतून गॅस येतो तीं धुळीनें व कोळ्याच्या जाळ्यानें चोंदलीं, तर ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेहून अधिक पट बळानें चिकटतो व प्राणवायूस जागा देत नाहीं. सिलिंडरांतील गॅस गळला तर उग्र वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. ह्या वायूस तसा कोणताही पहारेकरी नाहीं. डोकें दुखतें, उलटी येते, पाय गळतात, आणि दार उघडावें हें सुचतें तेव्हां हात उचलत नाहीं.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला ह्याचा अंत असाच झाला. २९ सप्टेंबर १९०२ रोजीं पॅरिसांतील आपल्या घरीं तो शय्यागृहांत मृत सांपडला. धुराडें बुजलें होतें आणि खोलींत विस्तव होता. रात्रीं अस्वस्थ वाटल्यानें तो खिडकी उघडावयास उठला व वाटेंतच कोसळला, पत्नी वांचली. धुराडें कोणी वैरानें बुजविलें अशी शंका पुढें निघाली, कारण ड्रेफस प्रकरणांत त्यानें पुष्कळ शत्रु केले होते. तें कसेंही असो. सबंध राज्ययंत्रणेशीं झुंजलेला मनुष्य एका बुजलेल्या धुराड्यानें मेला. आणि बंबाच्या अभिमान्यांनीं येथें फार हुरळून जाऊं नये. निखाऱ्यांचा बंब वा शेगडी बंद खोलींत आणली तर तीही हाच वायु सोडते. जुन्या न्हाण्या अर्ध्या उघड्या असत, म्हणून आमचे पूर्वज वांचले.

दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीवाला आला. गांवांतलाच तरुण, बोलणें अस्सल वऱ्हाडी. त्यानें आधीं खिडकीतल्या चिंध्या ओढून अंगणांत फेंकल्या आणि मग गीझरचें झांकण काढलें. तांब्याच्या पात्यांवर बोटभर नसली तरी नखभर काजळी होती. धूर बाहेर नेणारी नळी मुळांत बसविलेलीच नव्हती. रबरी नळीस भेगा पडल्या होत्या.

“गुरुजी, आगीले बी हवा लागते नं जी,” तो मला म्हणाला. “तुम्ही खिडकी बुजली, वरून दार लावलं. आता तिनं हवा आणावं कुठून? मानसाच्या वाट्याचीच खाईन ते.”

मीं तीस वर्षांत दहन हा पाठ इतक्या थोड्या शब्दांत कधीं शिकविला नाहीं. भाऊसाहेब जरा दूर उभे होते. ते म्हणाले, “अरे, पण पाणी तर शेवटपर्यंत कढत येत होतें! मग उघडून पाहावयाचें कशासाठीं?”

हा प्रश्न फार प्रामाणिक आहे, आणि प्रत्येक घरांत तोच आहे. बंब बिघडला तर गळे, धूर करी, डोळ्यांतून पाणी काढी. त्याची तक्रार कानांडोळ्यांस कळे. गीझर बिघडला तरी पाणी कढतच येतें. दोष बाहेर कळत नाहीं, म्हणूनच जाणत्या मनुष्यानें नेमल्या वेळीं तो उघडून पाहावयाचा. भाऊसाहेबांचे वडील ज्या जिनाचे हिशेब लिहीत, तेथें वाफेचा बाष्पक होता. १९२३ च्या कायद्यानें अशा बाष्पकाचें सरकारी प्रमाणपत्र साधारण बारा महिन्यांपुरतेंच असे; मुदत संपली कीं बाष्पक थंड करून निरीक्षकापुढें उघडा ठेवावा लागे. त्या कायद्याच्या जागीं २०२५ सालीं नवा कायदा आला, पण तपासणी सुटली नाहीं. जिनाचा मालक ‘वाफ तर येत आहे’ असें निरीक्षकास म्हणाला असता, तर काय उत्तर मिळालें असतें हें भाऊसाहेबांस चांगलें ठाऊक होतें. ते हंसले आणि चहा सांगण्यासाठीं आंत गेले.

माझी एक पुतणी शिकागोजवळ राहते. तिकडे घरोघर तळघरांत फर्नेस नांवाची भट्टी असते. गॅस एका बंद पेटींत जळतो, त्या पेटीवरून पंखा हवा फिरवितो, आणि ती ऊन हवा नळकांड्यांतून प्रत्येक खोलींत जाते. जळालेला वायु निराळ्या नळीनें घराबाहेर. पेटीस चीर पडली तर विषारी वायु ऊन हवेबरोबर निजण्याच्या खोलींत येईल, म्हणून थंडी लागण्यापूर्वीं, आपल्या नवरात्राच्या सुमारास, कारागीर येतो. तो ज्योत पाहतो, पेटी दिव्यानें निरखतो, धुराची नळी तपासतो व वायु यंत्रानें मोजतो. हवेची गाळणी घरच्यांनींच दर एकदोन महिन्यांनीं बदलावयाची. शिवाय त्या इलिनॉय राज्यांत २००७ पासून असा कायदा आहे कीं प्रत्येक निजण्याच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आंत ह्या वायूची सूचना देणारी घंटा असलीच पाहिजे. इंग्लंडांत भाड्यानें घर देणाऱ्यावर गॅसच्या उपकरणांची दरसाल नोंदणीकृत कारागिराकडून तपासणी करण्याची सक्ति आहे. त्यांचा अग्नि सहा सहा महिने घरांत जळतो, आपला पाव तास; म्हणून आपण निश्चिंत असतों. परंतु त्यांचें तळघर मोठें असतें आणि आपलें न्हाणीघर चार हातांचें.

आपल्याकडे गॅसचे वितरक पांच वर्षांनीं एकदां शेगडी, नळी व रेग्युलेटर तपासून जातात, रबरी नळीही पांच वर्षांनीं बदलावयाची असते, आणि गळतीसाठीं १९०६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. हें सर्व चांगलें आहे. पण न्हाणीतल्या गीझरची काजळी त्यांत कोणी काढीत नाहीं. तें घरधन्याचेंच काम आहे. आमच्या तरुणानें पातीं घासलीं, छिद्रें मोकळीं केलीं, नवी नळी घातली, आणि गीझर आंत ठेवण्यास साफ नकार दिला. तो मागच्या ओट्यावर, छपराखालीं, बाहेरच्या भिंतीस गेला. भिंतींतून पाण्याची नळी तेवढी आंत आली. जातांना त्यानें सूनबाईंस बजावलें, “ताई, जोत पिवळी दिसली का बंद करजा, अन् मले बलावजा. पानी गरम येते म्हणून चालवजा नोका.” सूचना नेमकी योग्य व्यक्तीस दिली होती, कारण त्या घरांत ज्योतीकडे पाहणारें दुसरें कोणी नव्हतें.

चवथ्या दिवशीं मुंजीच्या खादीच्या वस्त्रांसाठीं आम्ही त्याच मार्गानें वर्ध्यास गेलों. धामणगांव, पुलगांव, वर्धा. मगनवाडीवरून जातांना स्वयंपाकघराच्या धुराचा विचार येथें किती आधीं झाला होता, ह्याची आठवण झाली. गांधीजींनीं १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ स्थापिला, कुमाराप्पांनीं तो ह्याच मगनवाडींत वाढविला, आणि धूर नळीनें बाहेर काढणारी मगनचूल येथलीच. पुढें १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें देशभर सुधारलेल्या चुली वांटल्या. त्यांपैकीं कितीतरी थोड्याच दिवसांत मोडीत निघाल्या. चूल बसवून देणारा कारागीर एकदां आला, तो पुन्हां आला नाहीं. धुराडें काजळीनें बुजलें, धूर पुन्हां घरांत आला, आणि गृहिणीनें आपली जुनी तीन दगडांची चूल मांडली. चुलीस फुली मारून सरकारनें हिशेब पुरा केला असेल. धुराडें कोणीं व केव्हां झाडावयाचें हा रकाना बहुधा कागदावरच नव्हता.

परत आलों तों आळींत निराळाच गलबला. मुलाची वार्ता पसरली होती आणि दुरुस्तीवाल्यास घरोघर बोलावणीं होतीं. सात गीझर त्यानें त्या दोन दिवसांत उघडले. दोन आंतच होते व त्यांस धुराची नळी नव्हती. एकाच्या नळींत चिमणीनें काडीकाडी आणून घरटें केलेलें. शेजारच्या आजींनीं ‘अंडीं आहेत का पाहा, नाहींतर राहूं दे,’ म्हणून त्यास अर्धा तास शिडीवर उभा ठेवला. अंडीं नव्हतीं.

इकडे वहिनींनीं मुंजीसाठीं बंब माळ्यावरून उतरविला होता. दीडशें पानें व्हावयाचीं, पाहुण्यांच्या स्नानास एक गीझर पुरणार कोठून? बटूनें स्वतः राख व चिंच घेऊन तो घासला. त्यास अंगणांतच, उघड्यावर, पेटवावयाचा असें ठरलें. मीं रात्रीं तो कांठोकांठ भरून ठेवावयास सांगितलें. सकाळीं पाहतों तों फरशीवर चावीच्या खालीं रुपयाएवढा ओला डाग. भाऊसाहेब कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं बंब रिकामा करविला आणि मुलाकडून अमरावतीच्या तांबटाचा पत्ता लिहून घेतला.